बांबोच्चोनी

बांबोच्चोनी (एकवचन: बांबोच्चोने) ही इटलीमध्ये आईवडिलांच्या घरी राहणाऱ्या प्रौढ मुलांसाठी वापरली जाणारी उपहासात्मक संज्ञा आहे. 'बांबोच्चो' म्हणजे गुटगुटीत मूल किंवा चिंध्यांची बाहुली. त्याला मोठेपणा दर्शवणारा प्रत्यय लागून हा शब्द बनतो. मराठीत 'एवढा घोडा झालास तरी' असे म्हणताना जी छटा असते, ती याच्या जवळची आहे.

ऑक्टोबर २००७ मध्ये तत्कालीन अर्थमंत्री तोम्माझो पादोआ-स्किओप्पा यांनी अर्थसंकल्पाविषयी संसदेत बोलताना या 'बांबोच्चोनीं'ना घराबाहेर काढण्याची भाषा केली. त्यावर मोठा वाद झाला आणि शब्द सर्वतोमुखी झाला. वास्तविक ते तरुणांसाठीच्या करसवलतीचे समर्थन करत होते. २० ते ३० वर्षे वयाच्या, अल्प उत्पन्नाच्या भाडेकरूंना ३ वर्षे दरसाल सुमारे ९९० युरोंची सूट मिळणार होती; म्हणजे महिन्याला जेमतेम ८३ युरो. रोम वा मिलानमधील घरभाड्यापुढे ही रक्कम किरकोळच होती. २०१० मध्ये मंत्री रेनातो ब्रुनेत्ता यांनी १८ व्या वर्षी घर सोडण्याची कायद्याने सक्ती करावी असे सुचवले; मात्र आपल्या तिशीपर्यंत आपला बिछाना आईच आवरत असे, हेही त्यांनी सांगितले.

युरोस्टॅटच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार इटलीत घर सोडण्याचे सरासरी वय ३०.० वर्षे होते. युरोपीय संघाची सरासरी २६.४, फिनलंडची २१.३, तर क्रोएशियाची ३३.४ होती. हंगामी नोकऱ्या, भाड्याच्या परवडणाऱ्या घरांची टंचाई आणि आपल्याच शहरातील विद्यापीठात शिकण्याची प्रथा ही याची प्रमुख कारणे होत. त्यामुळे ही संज्ञा आर्थिक अडचणीला आळशीपणा ठरवते, हा तिच्यावरील आक्षेप रास्त आहे.

कायद्याच्या दृष्टीने प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. इटलीत १८ व्या वर्षी सज्ञानत्व येते. परंतु मूल आर्थिकदृष्ट्या स्वावलंबी होईपर्यंत त्याच्या पालनपोषणाची पालकांची जबाबदारी संपत नाही. या जबाबदारीला निश्चित वयोमर्यादा नसल्याने तंटे न्यायालयात जातात. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च अपील न्यायालयाने एका अर्धवेळ संगीत शिक्षकाची पोटगीची मागणी फेटाळताना स्वावलंबनासाठी प्रयत्न करणे हे प्रौढ अपत्याचेही कर्तव्य असल्याचे स्पष्ट केले. २०२३ मध्ये पाविया येथील न्यायालयाने ७५ वर्षांच्या एका आईच्या अर्जावरून तिच्या चाळिशी गाठलेल्या दोन मुलांना त्याच वर्षीच्या १८ डिसेंबरपर्यंत घर सोडण्याचा आदेश दिला.