व्हेर्गीना : पालिका गेली, नाव राहिले

उत्तर ग्रीसमधील व्हेरिया शहराच्या आग्नेयेस, पिएरिया पर्वताच्या पायथ्याशी व्हेर्गीना हे लहानसे गाव आहे. २०१० अखेरपर्यंत आसपासच्या खेड्यांसह त्याची स्वतंत्र नगरपालिका होती. स्थानिक नावांचे मोल काय असते, हे या परिसराच्या इतिहासातून चांगले समजते.

मॅसिडोनियाची प्राचीन राजधानी ऐगाई येथेच होती. पुढे राजधानी पेल्ला येथे गेली, तरी राजांचे दफन ऐगाईतच होत राहिले. इ.स.पू. ३३६ मध्ये अलेक्झांडरचा पिता दुसरा फिलिप येथील नाट्यगृहात मारला गेला. कालांतराने नगर ओस पडले आणि त्याचे स्थानही विस्मरणात गेले. एडेसा म्हणजेच ऐगाई, असे विद्वान दीर्घकाळ मानीत होते. शेजारच्या एका खेड्याचे नाव मात्र पलातित्सिया, म्हणजे 'छोटे राजवाडे', असेच राहिले. वाड्यांचे धनी कोण, हे गावकऱ्यांना ठाऊक नव्हते. पण वाडे होते, ही खूण त्यांच्या बोलीने जपली. १८५५ मध्ये फ्रेंच संशोधक लेऑं ह्यूझे यांनी येथील अवशेष पाहिले आणि १८६१ मध्ये उत्खनन केले.

१९२२ च्या सुमारास व्हेर्गीना गाव वसले. आशिया मायनरमधून उखडलेली ग्रीक कुटुंबे येथे स्थिरावली. दंतकथेतील एका राणीचे नाव गावाला मिळाले. डोक्यावर छप्पर हवे असलेल्या या निर्वासितांनी घरांसाठी राजवाड्याचेच दगड वापरले. त्यांना दोष कसा द्यावा? दगड मुके असतात आणि गरज बोलकी.

१९६८ मध्ये इंग्रज इतिहासकार हॅमंड यांनी ऐगाई येथेच असल्याचे मत मांडले. १९७७ मध्ये मानोलिस आंद्रोनिकोस यांना मोठ्या टेकाडाखाली न लुटलेले राजसमाधिगृह सापडले. आतील सुवर्णपेटीत अस्थी होत्या. त्या फिलिपच्या असाव्यात, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. काहींचे मत वेगळे आहे. १९९६ मध्ये युनेस्कोने हे स्थळ जागतिक वारसा म्हणून स्वीकारले.

ग्रीसमध्ये १९९७ च्या 'कापोदिस्त्रियास' योजनेने अनेक लहान गावांच्या एकत्रित पालिका केल्या; व्हेर्गीनाची पालिका त्यांतलीच. २०१० च्या 'कालिक्रातिस' कायद्याने पालिकांची संख्या ३२५ वर आणली आणि १ जानेवारी २०११ पासून व्हेर्गीना व्हेरिया पालिकेत विलीन झाली. प्रशासनात आयुष्य घालविलेल्या मजसारख्यास अशा एकत्रीकरणामागील काटकसर समजते. विशेष हे, की त्या कायद्याने जुन्या पालिकांची नावे उपविभागांच्या रूपाने राखली.

हे शहाणपण लहान नव्हे. कार्यालय हलविता येते, शिक्का बदलता येतो. परंतु नाव एकदा पुसले, की त्यामागचा पुरावाही जातो. पलातित्सियाचे नाव कुणा अधिकाऱ्याने सोयीसाठी बदलले असते, तर संशोधकांची एक वाट कदाचित कायमची बुजली असती.