वणव्याच्या चौकशीत घाबरलं कोण होतं?

पीएचडीसाठी काय वाचतेस, असं कुणी विचारलं की मी सांगते, ‘सरकारी चौकशी अहवाल.’ समोरच्याचा चेहरा पडतो! म्हणून आज त्यातलाच एक अहवाल तुमच्यापुढे ठेवते.

१३ जानेवारी १९३९, ऑस्ट्रेलियातलं व्हिक्टोरिया राज्य. तिकडे जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा. दुष्काळानं जंगल खडखडीत वाळलेलं. ठिकठिकाणी आधीच धुमसणाऱ्या आगी त्या दिवशी सोसाट्याच्या वाऱ्यानं भडकल्या. त्या वणव्यांत ७१ माणसं गेली आणि सुमारे २० लाख हेक्टर क्षेत्र जळालं. जंगलात आत असलेल्या कितीतरी सॉ मिल आणि त्यांच्या कामगारवस्त्या राख झाल्या.

चौकशीसाठी न्यायाधीश लिओनार्ड स्ट्रेटन यांचं रॉयल कमिशन नेमलं गेलं. त्यांचा निष्कर्ष सरळ होता: या आगी माणसाच्या हातानं लागल्या. पण एकच गुन्हेगार शोधून ते थांबले नाहीत. गवत चांगलं यावं म्हणून रान पेटवण्याची सवय, बेफिकिरी, आणि जंगलावर हक्क सांगणाऱ्या खात्यांची आपसातली ओढाताण, हे सगळं त्यांनी मांडलं.

मला मात्र अहवालातली वेगळीच गोष्ट अडवते. स्ट्रेटन लिहितात की खरं काय ते कळणं अवघड गेलं. खरं बोललो तर पुढे मिलमध्ये काम मिळणार नाही, ही कामगारांना भीती. बढती अडकेल, ही वनखात्यातल्या तरुण अधिकाऱ्यांना भीती. म्हणजे आग जवळून पाहिलेली माणसंच मोकळेपणी बोलत नव्हती!

याचा कायद्याशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. त्याच वर्षी कायदा बदलला आणि सगळ्या सरकारी जमिनीवरच्या आगीची जबाबदारी एकाच वन आयोगाकडे आली. पुढे सॉ मिलही हळूहळू जंगलाबाहेर, गावांकडे हलल्या. बदल मोठा होता, यात शंका नाही. पण चौकशीतून निघणारा कायदा साक्षींवर उभा राहतो. जे भीतीपोटी सांगितलंच गेलं नाही, त्यावर उपाय तरी कसा सुचणार?

म्हणून असा अहवाल हाती आला, की शिफारशींवर उडी मारू नका. आधी बघा, कोण बोललंय, आणि बोलल्याबद्दल त्याला काय गमवावं लागलं असतं. स्ट्रेटन यांनी ती भीती निदान नोंदवून ठेवली. बऱ्याच अहवालांत ती आपल्यालाच शोधावी लागते.