दातांत धरलेली वादी

मनगटावर ससाणा घेतलेला बादशहा किंवा सरदार मोगल लघुचित्रांत पुष्कळदा भेटतो. पाहणारे पाखरू पाहतात, अंगरखा पाहतात, गळ्यातील मोत्यांची माळ पाहतात. मी चांभाराच्या घरात वाढलो, त्यामुळे माझी नजर प्रथम कातड्याकडे जाते. हातातला मोजा कातड्याचा, पाखराच्या पायांतल्या वाद्या कातड्याच्या आणि त्याच्या डोक्यावर चढणारी टोपीही कातड्याची. ही तीन कातडी काढून घेतली तर बादशहाच्या हाती रानपाखरू उरेल, आणि तेही क्षणभरच.

या टोपीचे काम काय? ससाणा डोळ्यांनी जगतो. माणसांची गर्दी, कुत्रा, घोडा दिसला की तो बिथरतो, फडफडतो, स्वतःची पिसे मोडून घेतो. डोळ्यांपुढे अंधार आला की मुकाट बसतो. म्हणून सावज दिसेपर्यंत टोपी डोक्यावर आणि दिसताक्षणी दूर. पण ती शिवणे सोपे नाही. कातडे बुबुळाला टेकता कामा नये, चोचीच्या कडेला काचता कामा नये, तरी आत उजेडाची तिरीप जाता कामा नये. मादी नरापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने मोठी, म्हणून माप वेगळे. जात बदलली की पुन्हा वेगळे. एकदा टोपी खुपली की पाखरू पुढे टोपी जवळ येऊ देत नाही. जोडा चावला तर गिऱ्हाईक दारात येऊन भांडते. येथले गिऱ्हाईक मुके.

युरोपात रुळलेल्या डच टोपीत तीन तुकडे असतात, दोन डोळ्यांवरचे आणि एक मधला. कातडे ओले करून लाकडी ठोकळ्यावर चढवतात, आणि टाका कातड्याच्या निम्म्या जाडीतूनच काढतात. हिंदुस्थानी टोपी एकाच तुकड्यातून कापलेली, मऊ, हलकी. ठोकळा नाही. डोळ्यांचा फुगवटा केवळ कापण्याच्या वळणातून उभा करायचा. ज्याने कधी रापी धरली आहे त्याला यातली अक्कल सांगावी लागणार नाही. आजही जगभरचे बाजदार या कापाला ‘हिंदुस्थानी टोपी’ म्हणूनच ओळखतात. देशाचे नाव राहिले, माणसाचे गेले.

टोपीची विद्याच युरोपने पूर्वेकडून घेतली. सम्राट दुसरा फ्रेडरिक १२२८-२९ साली धर्मयुद्धासाठी समुद्रापार गेला. टोपीचा वापर आपण अरबांकडून शिकलो असे त्याने आपल्या ग्रंथात मोकळेपणाने नोंदवले आहे.

टोपी मागच्या बाजूला वाद्या ओढून घट्ट करतात. एका मनगटावर पाखरू बसलेले, मोकळा हात एकच. मग दुसरी वादी ओढायची कशाने? दातांनी. जगातला प्रत्येक बाजदार ती दातांनीच ओढतो, मग तो चाकर असो की राजपुत्र. ते कातडे आपल्या देशात कोठून येत होते? मेलेले जनावर ओढून नेणाऱ्याच्या खांद्यावरून, चुन्याच्या हौदातून, बाभळीच्या सालीच्या पाण्यातून. काही बाजदार टोपी स्वतः शिवत, हे मान्य. पण सुई कोणाचीही असो, कातडे कमावणारे हात अस्पृश्याचेच होते. ज्याच्या सावलीने अन्न बाटत होते, त्याच्या हातचे कातडे तोंडात धरताना खानदानी माणसाला कसला विटाळ झाला नाही. विटाळाचे शास्त्र किती सोयीचे होते ते या एका वादीवरून कळावे.

‘ऐन-ए-अकबरी’त अबुल फजलने शिकारखान्याचा हिशेब बारकाईने दिला आहे. बाजाला सात दाम वजनाचे मांस, बहिरीला पाच दामांचे. पाखरांच्या किमती आहेत, सांभाळणाऱ्यांचे पगार आहेत. कातडे कमावणाऱ्याला त्या हिशेबात जागा नाही.

याउलट हॉलंडमधील व्हालकेन्सवार्ड हे गाव पाहा. तेथील मोलेन घराण्यातला आद्रियान मोलेन एकोणिसाव्या शतकात राजाश्रय असलेल्या लो येथील मंडळाचा बाजदार होता. त्याचा मुलगा कारेल पाखरे धरीत असे आणि टोप्याही शिवीत असे. त्या टोप्या त्याच्या नावाने ओळखल्या गेल्या. मोलेन काही कातडी कमावणारे नव्हते, तेव्हा तुलना पुरती जुळत नाही. तरी पाखरू धरणे, शिकवणे आणि त्याची टोपी शिवणे ही कामे तेथे एका घरात नांदली आणि त्या घराला मान मिळाला. आपल्याकडे धरणारा एका जातीचा, सांभाळणारा दुसऱ्या, कातडे देणारा तिसऱ्या. आणि शेवटचा वेशीबाहेर. जाती म्हणजे श्रमांची नव्हे तर श्रमिकांचीच विभागणी, असे बाबासाहेबांनी १९३६ साली ज्या भाषणात मांडले, ते लाहोरसाठी लिहिलेले होते आणि तेथे ते होऊ दिले गेले नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात ही शिकार संपली. संपली ते बरे झाले. संस्थानिकांच्या शौकासाठी अश्रू ढाळण्याचे आपल्याला कारण नाही. २०१० मध्ये युनेस्कोने अकरा देशांची बाजदारी मानवजातीचा वारसा म्हणून नोंदवली, २०२१ पर्यंत ते देश चोवीस झाले. त्यांत पाकिस्तान आहे. तिकडे सियालकोटचे कारागीर आजही टोप्या शिवतात आणि त्या आखाती देशांत जातात. आपल्याकडच्या जुन्या जरतारी टोप्या संग्रहालयांत काचेआड आहेत. खालच्या पाटीवर बहुधा एवढेच असते: कातडे, रेशीम, जर, आणि शतक.