तोंडी परीक्षेंतील दुसरी खुर्ची

ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाहीं अशा लोकांची इंग्रजीची परीक्षा घेण्याचा उपक्रम केंब्रिज विद्यापीठानें 1913 सालीं आरंभिला. विद्यापीठाचें स्थानिक परीक्षा मंडळ 1858 सालींच स्थापन झालें होतें व शाळांच्या परीक्षा घेण्यांत त्याचा हात चांगला बसला होता. परंतु परकीयांना इंग्रजी कितपत येतें हें मोजण्याचें काम त्याला नवें होतें. परदेशांतील शाळांतून इंग्रजी शिकवूं इच्छिणाऱ्यांना आपल्या भाषाज्ञानाचा भरंवशाचा दाखला मिळावा, हा या परीक्षेचा हेतु. पहिल्या वर्षीं तीन उमेदवार बसले. फी तीन पौंड होती, परीक्षा एकंदर बारा तासांची होती, आणि तिघेहि नापास झाले.

या बारा तासांची वांटणी पाहण्यासारखी आहे. इंग्रजीतून फ्रेंच किंवा जर्मन भाषेंत भाषांतर, त्या भाषांतून इंग्रजींत भाषांतर व व्याकरण, निबंध, वाङ्मयाला तब्बल तीन तास, उच्चारशास्त्राला दीड तास. तोंडी परीक्षेच्या वांट्याला काय तो एक तास आला होता. त्यांतील अर्धा तास श्रुतलेखनाचा, आणि उरलेल्या अर्ध्या तासांत मोठ्यानें वाचन व संभाषण हीं दोन्हीं उरकावयाचीं! परीक्षेंत संभाषण होतें हें खरें. पण श्रीमंतांच्या पंक्तीला बसलेल्या गरीब नातलगाइतकीच त्याची किंमत होती.

पहिल्या महायुद्धानंतरहि ही परीक्षा फारशी फोफावली नाहीं. मंडळांत 1925 सालीं आलेल्या जॅक रोच या अधिकाऱ्यानें ती नांवारूपाला आणली. उच्चारशास्त्राची प्रश्नपत्रिका 1932 सालीं गळाली. 1939 सालीं तुलनेनें सोपी अशी दुसरी परीक्षा निघाली. रोच यानें 1945 सालीं तोंडी परीक्षांच्या अडचणींवर एक विस्तृत अहवाल लिहिला. एकाच उमेदवाराला दोन परीक्षक सारखेच गुण देतात काय, हा त्याचा मुख्य प्रश्न होता. परीक्षकासमोरच्या खुर्चीवर मात्र एकच उमेदवार बसलेला होता, आणि त्यांत कांहीं उणें आहे असें तेव्हां कोणास वाटत नव्हतें.

यांतील उणीव समजण्यास आपल्याकडील वधूपरीक्षेची बैठक आठवावी. वडील मंडळी विचारतात, मुलगी उत्तरें देते. नांव काय, शिक्षण किती, स्वयंपाक काय काय येतो. मुलीनें एकहि प्रश्न उलट विचारलेला नसतो, विषय बदललेला नसतो, कोणाचें म्हणणें खोडून काढलेलें नसतें. तरी सर्वजण बाहेर येऊन म्हणतात, मुलगी बोलण्यांत चतुर आहे! तोंडी परीक्षेंतील मुलाखतीची गत याहून निराळी नव्हती. विषय परीक्षकानें काढावा, त्यानेंच तो संपवावा, आणि उमेदवारानें मध्यें बोट धरून चालावें.

भाषा येणें म्हणजे केवळ व्याकरण येणें नव्हे; कोणापाशीं, केव्हां व कसें बोलावें हेंहि त्यांत येतें, असें प्रतिपादन डेल हाइम्स या अमेरिकन पंडितानें 1972 सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधांत केलें. पुढें 1986 सालीं क्लेअर क्रॅम्श या विदुषीनें आणखी एक पाऊल टाकलें. संभाषण हें बोलणाऱ्यांनीं मिळून रचलेलें असतें, सबब एकट्याच्या नैपुण्यावर भर देणें पुरेसें नाहीं, हें तिच्या लेखाचें सार. तीनच वर्षांनीं लिओ व्हॅन लीयर यानें सरळच विचारलें कीं, मुलाखतीला संभाषण म्हणावें तरी कसें?

केंब्रिजनें 1991 सालीं ‘सर्टिफिकेट इन अॅडव्हान्स्ड इंग्लिश’ ही वरच्या पायरीची नवी परीक्षा सुरू केली, तेव्हां तिच्या तोंडी भागांत दुसरी खुर्ची मांडली गेली. दोन परीक्षक, दोन उमेदवार. एक परीक्षक सूचना देतो व प्रश्न विचारतो. दुसरा बाजूला बसून ऐकतो आणि गुण टिपतो, संभाषणांत पडत नाहीं. बोलणारा परीक्षकहि मनास येईल तें बोलूं शकत नाहीं. त्याचे शब्द लिहून ठरविलेले असतात. कारण एका उमेदवाराला गोड प्रश्न व दुसऱ्याला तिखट असा पंक्तिप्रपंच होतां कामा नये. हीच परीक्षा आतां ‘सी वन अॅडव्हान्स्ड’ या नांवानें ओळखली जाते.

सगळा प्रकार सुमारें पंधरा मिनिटांत आटोपतो. आरंभीं जुजबी प्रश्न, मग चित्रांवरून प्रत्येकानें एकेक मिनिट बोलणें, आणि नंतर ज्याची उमेदवारांना सर्वांत अधिक धास्ती वाटते तो भाग. दोघांपुढें एक कागद ठेवण्यांत येतो. मध्यें एक प्रश्न, सभोंवार कांहीं मुद्दे. वाचण्यास पंधरा सेकंद मिळतात. मग दोन मिनिटें दोघांनीं आपसांत चर्चा करावयाची. त्यानंतर एक नवा प्रश्न येतो व एका मिनिटांत निर्णयाकडे जावयाचें. एवढा वेळ परीक्षक गप्प असतो. तेंच विषयसूत्र धरून पुढें पांच मिनिटें परीक्षकासह बोलणें होतें.

समजा, लोक मोठ्या शहरांत कां राहावयास जातात, असा प्रश्न आहे. आणि नोकरी, शिक्षण, करमणूक, दवाखाने व आप्तसंबंध असे मुद्दे दिले आहेत. एक उमेदवार नोकरीवर चार घडीव वाक्यें म्हणतो. दुसरा “मला अगदीं पटलें” असें म्हणून शिक्षणावर चार वाक्यें म्हणतो. पुन्हां पहिला करमणुकीवर. दोघांचें इंग्रजी निर्दोष आहे, कागदावरील पांचहि मुद्दे संपले आहेत, आणि संभाषण मात्र झालेलेंच नाहीं! आगगाडीच्या डब्यांत दोन अपरिचितांनीं आपापलें वर्तमानपत्र मोठ्यानें वाचावें, तसला हा प्रकार. एव्हलिना गालाची हिनें 2008 सालीं केंब्रिजच्याच एका खालच्या परीक्षेंतील जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत असें समांतर बोलणाऱ्या जोड्या तिला आढळल्या. एकानें सर्व बोलावें व दुसऱ्यानें माना डोलवाव्या अशाहि आढळल्या. आणि परस्परांचा धागा उचलून पुढें नेणाऱ्याहि आढळल्या. परस्परसंवादाचे गुण या शेवटच्या जोड्यांना अधिक पडले होते, समांतर जोड्यांना कमी.

परीक्षेची तयारी करूं पाहणाऱ्यानें मुक्काम करावा तो येथें. “माझ्या मतें”, “आपलें म्हणणें खरें, परंतु” अशा अर्थाच्या वाक्यांची यादी पाठ करणें ही सर्वांत सोपी व सर्वांत निरुपयोगी तयारी होय. जोडीदाराचें वाक्य संपण्याच्या आधींच ज्याचें उत्तर तयार असतें, त्यानें तें वाक्य ऐकलेलें नसतें. आणि बाजूला बसलेल्या परीक्षकाला हें लपत नाहीं. जोडीदार म्हणाला, “खेड्यांत दवाखाने नाहींत म्हणून म्हाताऱ्या माणसांना शहर गांठावें लागतें,” तर पुढचें वाक्य त्या म्हाताऱ्या माणसांविषयीं असावें. शहरांत दवाखाना जवळ, पण शेजारी परके. तेव्हां आप्तसंबंधांचा मुद्दा येथेंच येऊन मिळतो, असें कोणी म्हणालें कीं चर्चा चालूं लागली. पांचांपैकीं तीनच मुद्दे झाले तरी बिघडत नाहीं. शेवटीं दोघांचें एकमत झालेंच पाहिजे असाहि नियम नाहीं. उलट पहिल्या अर्ध्या मिनिटांत एकमत करून बसणारे पुढचें दीड मिनिट काय करणार?

गौतमाच्या न्यायसूत्रांत कथेचे तीन प्रकार सांगितले आहेत: तत्त्वनिर्णयासाठीं वाद, जिंकण्यासाठीं जल्प, आणि स्वतःचा पक्षच न मांडतां दुसऱ्याचा पाडण्यासाठीं वितंडा. आपल्या शाळा-कॉलेजांतील वादविवादस्पर्धेंत बक्षिसें मिळविलेला विद्यार्थी या परीक्षेस गेला तर त्याला जल्पाची संवय नडण्याचा संभव फार. पुण्यांत न्यायमूर्ति रानडे यांनीं 1875 सालीं वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हांपासून आपण वक्ते पुष्कळ घडविले. जोडीदाराचें ऐकून मग बोलण्याची तालीम मात्र आपल्या वर्गांतून क्वचितच दिली जाते. ती घरीं होऊं शकते. घड्याळ लावून दोघांनीं दोन मिनिटें बोलावें, तें ध्वनिमुद्रित करावें, आणि मागाहून आपलीं किती वाक्यें दुसऱ्याच्या वाक्यांतून निघालीं तें मोजावें. जोडीदार मात्र वरचेवर बदलावा. अबोल माणसाला प्रश्न विचारून बोलतें करणें आणि बडबड्याचाच एखादा शब्द पकडून मध्यें शिरणें, हीं दोन निराळीं कौशल्यें आहेत, व परीक्षेंत कोण वांट्याला येईल याचा नेम नसतो.

या अनिश्चितीविषयींची तक्रार जुनी आहे आणि ती रास्तहि आहे. व्याकरण, शब्दसंपत्ति, मांडणी, उच्चार व परस्परसंवाद असे पांच निकष ऐकणारा परीक्षक लावतो. बोलणारा परीक्षक एकंदर प्रभावाचा आणखी एक गुणांक देतो. दोघा उमेदवारांची एकमेकांशीं तुलना करावयाची नाहीं, प्रत्येकाला स्वतंत्र गुण द्यावयाचे, असा नियम आहे. पण दोघांनीं मिळून विणलेल्या वस्त्रांतील कोणता धागा कोणाचा? बॅरी ओसुलिव्हन यानें 2002 सालीं जपानी स्त्रियांवरील प्रयोग प्रसिद्ध केला; मैत्रिणीबरोबर बोलतांना त्यांना अनोळखी बाईबरोबरच्या पेक्षां अधिक गुण पडले. उलट लॅरी डेव्हिस यानें 2009 सालीं चिनी विद्यार्थ्यांना एकदां बरोबरीच्या व एकदां कमीअधिक तयारीच्या जोडीदाराबरोबर बसविलें, तेव्हां गुणांत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. रोच याच्यापुढें दोन परीक्षकांचा प्रश्न होता; आतां दोन उमेदवारांचा आहे, आणि तो सुटला आहे असें म्हणवत नाहीं.

तरीहि केंब्रिजनें ती खुर्ची मागें घेतलेली नाहीं. उमेदवारांची संख्या विषम झाली तर शेवटीं तिघांना एकत्र बोलावितात व पंधराऐवजीं सुमारें तेवीस मिनिटें देतात.