आक्काचे लोणचे आणि अल्डोस्टेरॉन

माझी थोरली बहीण, आक्का, २००९ साली गेली. शेवटची दहा-बारा वर्षे तिला रक्तदाबाच्या चार-चार गोळ्या चालू होत्या, तरी वरचा आकडा १७०च्या खाली क्वचितच यायचा. आम्ही घरच्यांनी त्याचे कारण केव्हाच ठरवून टाकले होते : आक्का चोरून लोणचे खाते. डॉक्टर तिला विचारायचे आणि उत्तर आम्ही द्यायचो, "गोळ्या घेते हो, पण पथ्य पाळत नाही." भाच्याने तर बरणीच माळ्यावर टाकली. ती म्हणायची, "अरे, बोटभरसुद्धा चाखलं नाही रे." कोणी विश्वास ठेवला नाही. मीही नाही.

हे सगळे आठवायला निमित्त झाले ते माझ्या स्वतःच्या रक्तदाबाचे. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी एक तपासणी लिहून दिली : अल्डोस्टेरॉन आणि रेनिन. मी मराठी घेऊन बीए झालेला माणूस. पण शब्द अडला की त्याच्या मुळाशी जायची मास्तरकीची खोड काही गेलेली नाही. वाचत गेलो, ते तुम्हाला सांगतो.

१८९८ साली स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत टायगरश्टेट आणि त्यांचा विद्यार्थी बर्गमन यांनी सशाच्या मूत्रपिंडाचा अर्क दुसऱ्या सशाला टोचला. त्याचा रक्तदाब वाढला. त्या द्रव्याला त्यांनी 'रेनिन' नाव दिले. पुढची सुमारे चाळीस वर्षे त्याकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही. १९३४ साली अमेरिकेत गोल्डब्लाट यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडाची रोहिणी चिमट्याने आवळून रक्तदाब वाढवून दाखवला, तेव्हा कुठे रेनिनची आठवण झाली.

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडावर टोपीसारखी एक ग्रंथी असते, अधिवृक्क ग्रंथी. तिच्यातले एक संप्रेरक म्हणजे अल्डोस्टेरॉन. लंडनमध्ये सिल्व्हिया सिम्पसन आणि जेम्स टेट यांनी स्वित्झर्लंडच्या संशोधकांच्या मदतीने ते १९५३ साली शुद्ध रूपात वेगळे केले. त्याचे काम मूत्रपिंडाला सांगणे : मीठ धरून ठेव, पोटॅशियम सोडून दे. रक्तदाब उतरला की रेनिन वाढते आणि त्याच्यामागून अल्डोस्टेरॉन. रक्तदाब चढला की दोन्ही उतरायला हवीत. पण काहींची ग्रंथी रेनिनला जुमानत नाही. ती मीठ साठवण्याचा हुकूम देतच राहते.

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात जेरोम कॉन नावाचे डॉक्टर होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दमट उष्णतेत सैनिकांच्या घामातून मीठ किती जाते, याचा अभ्यास त्यांनी केला होता. १९५४ साली त्यांच्याकडे ३४ वर्षांची एक बाई आली. सात वर्षे स्नायूंत पेटके, मध्येच पाय लुळे पडायचे, रक्तदाब चढलेला, पोटॅशियम फार कमी. तिच्या घामात मीठ अगदी थोडे, म्हणजे शरीर ते सोडतच नव्हते. डिसेंबरात शस्त्रक्रिया झाली. उजव्या अधिवृक्क ग्रंथीवर चार सेंटीमीटरची गाठ निघाली. ती काढली आणि बाई सुधारली. या विकाराला पुढे कॉन यांचेच नाव मिळाले. पोलंडचे लितिन्स्की यांनी १९५३ सालीच असे रुग्ण नोंदवले होते. पण लिहिले होते पोलिश भाषेत. मराठीत लिहिणाऱ्याला यावर वेगळे काय सांगायचे!

कॉन यांचे म्हणणे होते की, उच्च रक्तदाबाच्या पाचातल्या एकामागे हेच कारण असू शकेल. इतरांनी ते मानले नाही आणि पुस्तकांत हा आजार दुर्मिळ म्हणून छापला गेला. का? तर पोटॅशियम कमी असेल, त्यांचीच तपासणी व्हायची. जाळ्याची भोके मोठी, मग मासे कमी असेच वाटणार. १९८१ साली जपानी डॉक्टरांनी अल्डोस्टेरॉन व रेनिन यांचे गुणोत्तर वापरायला सुरुवात केली. १९९०च्या दशकात ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या गॉर्डन यांनी पोटॅशियम ठीक असलेल्यांनाही तपासले आणि रुग्ण कित्येक पटींनी सापडू लागले. २०१५ साली ब्रिटनमध्ये तीन गोळ्यांना न जुमानणाऱ्या रुग्णांवर चाचणी झाली. चौथी गोळी म्हणून सर्वांत सरस ठरले स्पायरोनोलॅक्टोन, अल्डोस्टेरॉनला अडवणारे, अर्धशतकाहून जुने औषध. २०२५ साली तर अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने सुचवले की उच्च रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाची ही तपासणी व्हावी.

आक्काला हाच आजार होता, असे मी म्हणणार नाही. तिची तपासणीच झाली नाही. पण रात्री तिच्या पोटऱ्यांत गोळे यायचे, हे मला आता राहून राहून आठवते.

एकदा वर्गातल्या एका मुलाला फळ्यावरचे चुकीचे उतरवतो म्हणून मी महिनाभर रागावत होतो. नंतर त्याला चष्मा लागला. त्या मुलाची मी माफी मागितली होती. आक्काची मागायची राहिली.

असो. मंडळी, गोळ्या आपल्या मनाने बदलू नका, मीठ कमीच खा. पण घरात कोणाचा रक्तदाब तीन-चार गोळ्यांनीही उतरत नसेल, तर बरणी लपवण्याआधी डॉक्टरांना या तपासणीबद्दल एकदा विचारा.