‘इथे फक्त जुळणी होते’ या मताला उत्तर

पिंपरी-चिंचवडमधल्या घराघरांत एक मत इतके मुरले आहे की ते मत आहे हेच कुणाच्या ध्यानात येत नाही. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलीने ऊर्जेच्या क्षेत्रात संशोधन करायचे म्हटले, की घरचेही सांगतात आणि कॉलेजातलेही: मग जर्मनीला अर्ज कर, नाहीतर आयआयटी बघ. भोसरी-चाकणला नोकरी मिळेल, संशोधन नाही मिळायचे. इथे आणलेल्या सुट्या भागांची जुळणी होते, डोके दुसरीकडे चालते.

हे मत चूक आहे असे माझे म्हणणे आहे. पण खंडन करायचे तर पूर्वपक्ष आधी पुऱ्या ताकदीनिशी मांडावा लागतो, आणि या पूर्वपक्षात ताकद आहे. विजेच्या गाडीचा जीव तिच्या बॅटरीत असतो, आणि बॅटरीतले लिथियम सेल आपल्याकडे अजून मुख्यतः आयात होतात, त्यांतले बरेचसे चीनमधून. कॉलेजांतले प्रोजेक्ट पुष्कळदा तयार विकत आणले जातात. कारखान्याच्या फाटकावर विद्यार्थ्याला गोपनीयतेचे कारण सांगून परत पाठवतात. सरकारी पैशाचा हिशोबही उत्साह वाढवणारा नाही: जानेवारी 2023 मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनच्या 19,744 कोटी रुपयांपैकी संशोधन-विकासासाठी 400 कोटी आहेत, म्हणजे जेमतेम दोन टक्के. हे सगळे खरे आहे. पण यातून निष्कर्ष निघतो तो इतकाच की इथे संशोधन करणे कठीण आहे. ते इथे नाहीच, असा निघत नाही.

आधी इतिहास पाहू. वाहन उद्योग आणि सरकार यांनी मिळून उभारलेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे आपली एआरएआय, 1966 ची. टाटांनी पुण्यात इंजिनिअरिंग रिसर्च सेंटर काढले तेही 1966 मध्येच. पुढच्या वर्षी भोसरीत केंद्रीय मार्ग परिवहन संस्था आली. तेव्हा चाकणची ओळख कांदा-बटाट्याचा बाजार एवढीच होती. फोक्सवॅगन आणि मर्सिडीज तिथे गाड्या बांधू लागल्या 2009 मध्ये. म्हणजे या भागात संशोधन आधी आले आणि चाकणचा मोटारींच्या जुळणीचा पट्टा चार दशकांनंतर. क्रमच उलटा लक्षात राहिला आहे.

आणि ते संशोधन थांबलेलेही नाही. पुण्यातली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी कंपनी यांनी मिळून हायड्रोजन इंधनघटावर चालणारी मोटार ऑक्टोबर 2020 मध्ये चालवून दाखवली, ऑगस्ट 2022 मध्ये बस आणली. फेब्रुवारी 2024 मध्ये टाटांनी पुण्यात हायड्रोजन जाळणाऱ्या इंजिनांच्या चाचणीची सोय उभी केली. यावर ‘ही मोठ्यांची कामे, आमच्या पोराचा काय संबंध’ असे उत्तर येते. ते मी मान्य करतो. म्हणूनच माझा मुख्य मुद्दा पुढे आहे.

या मताची खरी चूक संशोधनाच्या कल्पनेत आहे. संशोधन म्हणजे नव्या रसायनाचा सेल शोधणे, असे आपण धरून चाललो आहोत. पण ऊर्जा-स्थित्यंतराचे निम्मे प्रश्न जिथे भट्टी पेटते तिथे तयार होतात. एक उदाहरण सविस्तर घेतो. युरोपीय संघाने आयात मालावर कार्बनचा आकार बसवण्याची पद्धत आणली. ऑक्टोबर 2023 पासून माहिती द्यावी लागत होती, 1 जानेवारी 2026 पासून येणाऱ्या मालावर पैशाची जबाबदारी लागू झाली. त्यात लोखंड-पोलाद आहे आणि साधे नट-बोल्टही आहेत. आता भोसरीतल्या एखाद्या बोल्टवाल्याचा माल जर्मनीला जातो असे धरा. त्याच्या बोल्टमागे किती कार्बन आहे? आणलेल्या पोलादाचा आकडा पोलाद गिरणीकडून मिळवायचा, तो खरा आहे का ते तपासायचे. पुढे माल शेजारच्या हीट ट्रीटमेंटच्या वर्कशॉपमध्ये जातो. तिथे एकाच चार्जमध्ये चार गिऱ्हाइकांचे जॉब भरलेले असतात. भट्टीने जाळलेल्या गॅसची वाटणी कशी करायची: वजनावर, भट्टीत व्यापलेल्या जागेवर, की लागलेल्या वेळेवर? उत्तर बदलले की आकडा बदलतो. खरा आकडा देता आला नाही, तर ठरवून दिलेला चढा आकडा गृहीत धरला जातो आणि त्याची झळ अखेर आपल्या वर्कशॉपवाल्याला लागते. हा प्रश्न म्युनिकमध्ये बसून सुटणार नाही. त्यासाठी भट्टीवर मीटर बसवून महिनाभर नोंदी घ्याव्या लागतात, आणि भट्टी इथे आहे.

विजेचेही तसेच. वर्षानुवर्षे कारखान्यांना रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत वीज स्वस्त पडे, म्हणून भट्ट्या रात्रपाळीत चालल्या. आता दररचनेचा कल दुपारच्या सौर तासांकडे वळला आहे. भट्टीची पाळी दिवसा आणली तर बिल किती उतरेल, उत्पादन किती अडेल, आणि रात्रपाळीच्या भत्त्यावर घर चालवणाऱ्या कामगाराचे काय होईल? शेवटचा प्रश्न अर्थशास्त्राच्या किंवा समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीचा आहे, आणि मला तो पहिल्या दोन प्रश्नांइतकाच मोलाचा वाटतो.

नोकरीत वीस वर्षे काढलेल्यांना तर वाटते की इंजिन गेले म्हणजे आपली विद्या गेली. गिअर घासण्यात हयात घातलेल्या माणसाने हे ऐकून घेऊ नये. विजेची मोटर फार वेगाने फिरते आणि गिअरची जी शीळ इंजिनाच्या आवाजात झाकली जाई, ती आता गाडीत स्पष्ट ऐकू येते. दाताचा पृष्ठभाग किती बारीक सफाईचा हवा, हा प्रश्न पूर्वीपेक्षा अवघड झाला आहे. त्याचे निम्मे उत्तर त्या माणसाच्या हातात आहे. ते मोजून लिहून काढायला त्याच्याबरोबर कुणीतरी बसायला हवे. तसेच निगडीच्या बस आगाराचे. फेब्रुवारी 2019 पासून पीएमपी या शहर बससेवेच्या विजेच्या बस रस्त्यावर आहेत. इतक्या उन्हाळ्यांत आणि गर्दीत त्यांच्या बॅटऱ्यांची क्षमता किती उतरली, हे मोजण्यासारखे आहे.

कारखानदारांना माझी एक मागणी आहे. गोपनीयता डिझाइनला लागते. भट्टीच्या गॅसबिलाला आणि मीटरच्या नोंदींना लागत नाही. निदान तेवढे तरी विद्यार्थ्यांना उघडे करा.

आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एक विनंती. यंदा प्रोजेक्टचा विषय ठरवण्याआधी तळवडे किंवा भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये पूर्ण एक पाळी उभे राहा. भट्टी किती वाजता पेटते, किती वेळ रिकामी तापत राहते, ते वहीत लिहा, आणि निघताना मालकाकडे गेल्या बारा महिन्यांची बिले मागा.