एक नाव, दोन रोग

बुबुळावर पांढुरका डाग दिसला की आपल्याकडे 'डोळ्यात फूल पडले' असे म्हणतात. डाग जखमेचा असो, जंतुसंसर्गाचा असो की आनुवंशिक, शब्द एकच. वैद्यकशास्त्रातही एकेकाळी असेच घडले होते.

१८९० साली जर्मन नेत्रवैद्य आर्थर ग्रोएनाउ यांनी दोन रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. दोघांच्याही पारपटलात, म्हणजे कॉर्नियात, बारीक गाठींसारखे ठिपके होते. त्यांनी दोघांना एकाच रोगाखाली घातले. प्रत्यक्षात रोग दोन होते. पहिल्यात ठिपके भाकरीच्या चुऱ्यासारखे सुटे असतात, मधली जागा बराच काळ स्वच्छ राहते आणि नजरही टिकते. दुसऱ्यात मधली जागासुद्धा धुरकट होते आणि तरुणपणीच नजर मंदावते. १९०४ साली फेर यांनी हा दुसरा प्रकार वेगळा ओळखला.

पण रुग्णाचा खरा प्रश्न वेगळाच असतो : 'माझ्या मुलांना हे होईल का?' याचे उत्तर सूक्ष्मदर्शकातून मिळाले नाही. ते वंशावळीतून मिळाले. माक्स ब्युकलर्स यांनी अनेक कुटुंबांच्या पिढ्या तपासल्या आणि १९३८ साली निष्कर्ष मांडला. दाणेदार प्रकार प्रभावी आहे, तर डागाळ प्रकार अप्रभावी. म्हणजे पहिल्यात रुग्णाच्या प्रत्येक अपत्याला रोगाची शक्यता निम्मी. दुसऱ्यात आईवडिलांचे डोळे स्वच्छ असतात, आणि रुग्णाच्या प्रत्येक भावंडाला धोका एक चतुर्थांश. रुग्णाची मुले मात्र सहसा निरोगी वाहक असतात. जोडीदारही वाहक असेल तरच धोका. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे, तेथे ही 'तर'ची बाजू विसरून चालत नाही. ग्रोएनाउंच्या एका नावाखाली ही दोन उत्तरे झाकली गेली होती.

पुढे जनुकांनी वंशावळीला दुजोरा दिला. दाणेदार प्रकाराचे जनुक पाचव्या गुणसूत्रावर असल्याचे १९९७ मध्ये निश्चित झाले. डागाळ प्रकाराचे जनुक सोळाव्या गुणसूत्रावर २००० मध्ये सापडले. २००३ मध्ये हैदराबादच्या संशोधकांनी दक्षिण भारतातील कुटुंबांत या दुसऱ्या जनुकातील अनेक उत्परिवर्तने नोंदवली.

तोवर नावांचा गुंता वाढला होता. एकाच रोगाला अनेक नावे, तर काही नावांना आधारच नाही. म्हणून २००५ साली एक आंतरराष्ट्रीय समिती बसली. तिने २००८ साली नवे वर्गीकरण दिले; त्यात २०१५ व २०२४ मध्ये सुधारणा झाल्या. यातली एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. प्रत्येक रोगापुढे पुरावा किती पक्का आहे, याची श्रेणी दिली आहे. जनुक आणि उत्परिवर्तने ठाऊक असतील तर पहिली श्रेणी. केवळ संशय असेल तर चौथी.

एखाद्या विद्यार्थ्याच्या घरात असा आजार असेल, तर आपण त्यांना दोन कामे सांगू शकतो. तीन पिढ्यांची वंशावळ कागदावर काढून डॉक्टरांकडे न्यावी, आणि 'आनुवंशिक आहे' एवढ्यावर न थांबता 'कोणता प्रकार?' असे विचारावे. नेमके नाव कळले की पुढची माहिती पारखून घेता येते, त्याच रोगाची इतर कुटुंबेही शोधता येतात. ते कळेपर्यंत वाचलेली माहिती कदाचित दुसऱ्याच रोगाची असेल.